जेवणानंतर दोन चमचे

कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या ऑफिसातल्या एकाने माझ्याच धोतरावर चहा सांडला होता.

तशा चुका सगळीच माणसं करतात. कुणी विसरतं, कुणी घाई करतं, आणि नंतर म्हणतात, लक्षातच आलं नाही. माझं तसं नाही. मी जी चूक केली ती पाच वर्षं केली, तारीखवार केली आणि सुवाच्य अक्षरात केली. तिचा पुरावा माझ्याच टेबलाच्या खणात आहे. आज बघायचा असेल तर दाखवतो.

मी फोर्टातल्या एका कंपनीत रेकॉर्ड कारकून आहे. कागद जागच्या जागी ठेवणं हा माझा धंदा, आणि घरी आल्यावर तोच माझा छंद. रात्रीचं जेवण झालं की मी पडवीत दिवा घेऊन डायरी लिहायला बसतो. डाव्या पानावर घरातल्या गोष्टी, म्हणजे कोण आलं, कोण गेलं, बाजारातून काय आणलं. उजव्या पानावर ज्ञान. शाळा मॅट्रिकला सुटली, पण शिकायचं मी सोडलं नाही. घड्याळदुरुस्ती, हस्तसामुद्रिक, मधमाश्या, असे कितीतरी विषय मी या उजव्या पानावर स्वतःचे स्वतः शिकलो आहे.

आमचं घर अंधेरीला पूर्वेच्या बाजूला, मरोळला जाणाऱ्या रस्त्यावर. दोन खोल्या, पडवी, मी, माझी बायको इंदू आणि आई. कुंपणापलीकडे बस्त्यावचं घर. हा गावठाणातला जुना ख्रिस्ती माणूस. थोडी भातशेती, आणि साकीनाक्याच्या बाजूला एका कारखान्यात फिटरचं काम. त्याचा आवाज असा की तो घरात हळू बोलला तरी आमच्या ताटात ऐकू यायचा.

तर दारूबंदी नवीन नवीन होती त्या दिवसांतली गोष्ट. डिसेंबरातल्या एका रविवारी बस्त्याव आला आणि चक्क दबक्या आवाजात बोलायला लागला. मी घाबरलोच.

"वसंता, एक काम हाय. नाय म्हणू नको."

"आधी काम सांग."

"तुज्या घरात कोण पीत नाय."

"हे काम आहे?"

"आईक तर. ज्याच्या घरात कोण पीत नाय, त्याच्या घरात कोण शोधत पन नाय."

मग सगळं बाहेर आलं. नाशकाकडून काळ्या द्राक्षांच्या पाट्या आणून बस्त्यावने वाइन केली होती. साधीसुधी नाही. साल आणि बी महिनाभर आत ठेवून केलेली, काळी कुट्ट, जहाल. ती मुरायला घातली आणि त्याच सुमारास त्याच्या मुलीला, रोजीला, विषमज्वर झाला. पोर चौदा वर्षांची, एकुलती एक. एकवीस दिवस बस्त्याव तिच्या खाटेपाशी बसून होता. त्याने चर्चमधल्या माउलीला शब्द दिला, की पोरगी उठली तर तिच्या लग्नापर्यंत मी थेंबाला शिवणार नाही, आणि पहिला घोट घेईन तो तिच्या लग्नात, ह्याच वाइनचा.

पोरगी उठली. आणि दारूबंदी आली.

"घरात ठेवली तर एक दिवस खात्याची मानसं येतील नि गटारात ओततील," तो म्हणाला. "मंग मी माउलीला काय सांगू?"

त्याचे डोळे भरले होते. अशा माणसाला नाही कसं म्हणणार? मी हो म्हणालो.

सांजावताना आम्ही दोघांनी मिळून तो बुधला कुंपणावरून आत घेतला. हिरव्या काचेचा, पोटाळ, वीस बाटल्या मावतील एवढा. आता हा ठेवायचा कुठे? वाइनला काळोख हवा, गारवा हवा, हलवाहलव नको. आमच्या घरात तशी एकच जागा होती. देव्हाऱ्याखालचं कपाट. हसू नका. तिथे पोलीसही पटकन हात घालणार नाही, हाही विचार मी केला होता.

अडचण एकच, आई. देव्हाऱ्यासमोर तिचा रोज दीड तास जायचा. आणि आई कशी? चातुर्मासात कांदा शेजारच्या घरात चिरला तरी खिडकी लावून घेणारी. तिला खरं सांगण्याचा प्रश्नच नव्हता. इंदूलाही सांगितलं नाही, कारण इंदूच्या पोटात गोष्ट राहते ती फक्त झोपेपर्यंत.

म्हणून मी चिठ्ठी तयार केली. बोरूने, काळ्या शाईत. 'द्राक्षासव.' पण नुसतं नाव लिहिलं तर संशय येतो. औषधाच्या बाटलीवर आणखी काय काय असतं ते मी आठवून आठवून लिहिलं. 'अशक्तपणा, अग्निमांद्य व निद्रानाश यांवर गुणकारी. जेवणानंतर दोन चमचे, दोन वेळा.' ती चिठ्ठी इतकी खरी दिसत होती की मलाच दोन चमचे घ्यावेसे वाटले.

बुचावर लाखेचा शिक्का होता, तो काढला. आसवाला लाख कोण लावतं? साधं बूच बसवून वर फडकं बांधलं. शेवटी वाइन जिथपर्यंत होती तिथे कागदाची बारीक पट्टी चिकटवून रेघ मारली, आणि आई-इंदूला समोर उभं करून बजावलं, "हे बस्त्यावच्या ओळखीच्या वैद्याचं द्राक्षासव आहे. मोलाचं आहे. ही रेघ बघून ठेवा. पातळी या रेघेखाली गेलेली मला चालणार नाही."

आईने चष्मा लावून चिठ्ठी पूर्ण वाचली. मग रेघ बघितली. म्हणाली, "बरं."

इतकं स्पष्ट सांगितल्यावर चूक व्हायला जागा कुठे राहते, सांगा बरं?

आता प्रश्न वाइनचा. ज्याने केली त्याला चाखायची शपथ, आणि ज्याच्या घरी ठेवली त्याने जन्मात तोंडाला लावलेली नाही. मग ती मुरतेय की बिघडतेय हे बघणार कोण? बस्त्याव माझ्याकडे बघायला लागला.

मी कच्चा माणूस नाही. रद्दीवाल्याकडे वाइनवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं. पहिली अठरा पानं नव्हती, त्यामुळे लेखक कोण ते मला आजही माहीत नाही. खोटी चिठ्ठी लावू नये ही सूचना बहुधा त्याच अठरा पानांत असावी. शब्दकोश मांडीवर घेऊन पुढच्या सहा महिन्यांत मी ते पुस्तक संपवलं. विषय, तुम्हाला सांगतो, वाटतो तितका अवघड नाही. तांबड्या वाइनचा सगळा जोर तिच्या तुरटपणात. तो साल आणि बी यांतून येतो. जिच्यात तो नाही ती दोन वर्षांत पाणचट होते. जिच्यात आहे ती तरुणपणी तोंडात मावत नाही, पण वर्षं गेली की तोच तुरटपणा मऊ पडतो. जांभळा रंग कडेने विटकरी होत जातो. ताज्या फळाचा वास जातो आणि सुक्या मेव्याचा येतो. थोडक्यात काय, कैरीचं लोणचं. पहिल्या महिन्यात फोड दातांवर येते, वर्षाने जिभेवर विरघळते. लोणचं कळणाऱ्या माणसाला वाइन कळायला कितीसा वेळ?

ठरलं असं, की दरवर्षी नाताळाच्या आधीच्या रविवारी आई आणि इंदू कीर्तनाला गेल्या की मी एक चमचा चाखायचा आणि बस्त्यावने समोर बसून माझं तोंड बघायचं.

पहिल्या वेळी, म्हणजे बुधला आणल्याच्या आठवड्यातच, मी चमचा तोंडात घेतला आणि माझे दोन्ही गाल आतून एकमेकांना भेटले.

"काय रं? कशी हाय?"

मला पाच मिनिटं बोलता येईना. मग उजव्या पानावर लिहिलं, 'रंग काळा-जांभळा. वास जांभूळ, ओलं लाकूड. चव हिरडा चघळल्यासारखी. स्वभाव उद्धट. हिला दहा वर्षं मरण नाही.'

ते वाचून दाखवल्यावर बस्त्यावने माझा हात धरला. "दहा वर्सं? तू म्हंतोस?"

"मी म्हणतो," मी म्हणालो. हिरड्याचा अनुभव मला होता.

पहिलं वर्ष संपलं. चमचा घेतला. काय फरक. मी लिहिलं, 'उद्धटपणा पुष्कळ उतरला. अपेक्षेपेक्षा लवकर.' दुसऱ्या वर्षी, 'तुरटपणा मृदू. कडेला विटकरी झाक, पुस्तकात पान नव्वदवर म्हटल्याप्रमाणे.' तिसऱ्या वर्षी तर मी खुर्चीवरून उठलोच. सुक्या मेव्याचा वास येत होता. नुसता सुका मेवा नव्हे, साक्षात मनुका. मी लिहिलं, 'मनुका! परिपक्वतेची निःसंशय खूण.' डायरीत मी उद्गारचिन्ह सहसा काढत नाही.

"बस्त्याव, तुला कल्पना नाही तू काय करून ठेवलंयस."

"मला कशी असंल? मी चाखली नाय," तो म्हणाला. पण खूश होता. कारखान्यात कुणी कसली बाटली पुढे केली तरी म्हणे तो नुसता हसायचा, आपली एक वाट बघतेय म्हणून.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या, त्या सांगायला हव्यात.

एक म्हणजे आईची तब्येत. पूर्वी तिला अन्न पचायचं नाही, झोप नाही, दोन पायऱ्या चढली की धाप. मी तिला दादरहून त्रिफळा चूर्ण आणून दिलं होतं. आणि काय सांगू, माणूस बदललं. गालांवर रंग आला. दुपारी जेवून आडवी झाली की दोन तास हलायची नाही. संध्याकाळी जात्यावरच्या ओव्या म्हणायची, आमच्या घरात जातं नसताना. मला म्हणायची, "वसंता, तुझ्या औषधाने गुण आला हो." मी डाव्या पानावर लिहिलं, 'त्रिफळ्याचा गुण अपूर्व.' ऑफिसात चार जणांना मी त्रिफळा सुरू करायला लावला. त्यांना भलताच त्रास झाला, तो निराळा किस्सा.

दुसरी गोष्ट, झडती. गावठाणात कुणाकडे तरी हातभट्टीचा माल सापडला, म्हणून एका सकाळी एक हवालदार आमच्या आळीतून घरं बघत आला. मी नेमका घरी होतो. त्याने देव्हाऱ्याखालचं कपाट उघडलं तेव्हा माझ्या नोकरीची वर्षं, पेन्शन, इंदूचं माहेर, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

तेवढ्यात आई पुढे झाली.

"माझं औषध आहे ते. हात धुतल्याशिवाय लावू नकोस, वर देव आहेत."

हवालदाराने चिठ्ठी वाचली. "निद्रानाशावर चालतं काय हो? आमच्या आईला झोपच नाही."

"चालतं म्हणजे? दोन चमचे घेतले की गाढ. मी घेते ना रोज."

हवालदार नमस्कार करून गेला. माझी आई, जन्मात खोटं न बोललेली बाई, मुलाच्या चेहऱ्याकडे बघून प्रसंग ओळखते काय, आणि डोळ्याची पापणी न हलवता इतकं बेमालूम खोटं बोलते काय! मी तिचे पाय धरले. ती म्हणाली, "हे काय रे भलतंच?" मी त्या रात्री एक अख्खं पान लिहिलं, 'आईचे प्रसंगावधान.'

तुम्ही आत्ता एकमेकांकडे बघताय ते मला दिसतंय. थांबा.

पाचव्या वर्षी रोजीचं लग्न ठरलं. मुलगा वांद्र्याचा, शाळेत शिकवणारा. त्या नाताळाआधी मी शेवटचा चमचा घेतला आणि लिहिलं, 'पूर्ण शांत. तुरटपणाचा लवलेश नाही. गोड, दाट, मनुकांनी भरलेली. घशाखाली कधी उतरते ते कळत नाही. काढण्यास योग्य.' खाली सही केली.

लग्न जानेवारीत होतं. आदल्या संध्याकाळी आई आणि इंदू देवळात गेल्या असताना बस्त्याव हातगाडी घेऊन आला आणि आम्ही बुधला गोणपाटात गुंडाळून त्याच्या घरी पोचवला. पातळी बरोबर रेघेवर होती. पाच वर्षांत केसभरही इकडेतिकडे नाही. मी बस्त्यावला ती रेघ दाखवली. "माझ्या घरातली शिस्त ही अशी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बाहेर मांडवात सर्वांना सरबत. आतल्या खोलीत, दार ओढून घेऊन, फक्त घरची माणसं. रोजी आणि तिचा नवरा, बस्त्याव, त्याची बायको कार्मेल, फादर, आणि आम्ही तिघं. आईला एका कोपऱ्यात वेताच्या खुर्चीत बसवलं होतं. रोजीच्या आजारात आईनेच तिला भाताची पेज करून पाठवली होती, म्हणून रोजीचा हट्ट, आजी आत हव्यातच. आईसाठी मी नारळपाणी वेगळं सांगून ठेवलं होतं. मी सगळीकडे लक्ष ठेवतो.

बस्त्यावने नवा सूट घातला होता. गळपट्टीने त्याची मान लाल झाली होती. तो म्हणाला, "फादर, पयला घोट माजा, माउलीला शब्द हाय. पन त्याच्या आदी हा मानूस वाचनार. पाच वर्सं माजी जीभ हा होता."

मी डायरी उघडली. उभा राहिलो. खरं सांगतो, ऑफिसात पंचवीस वर्षांत मला कुणी असं मन लावून ऐकलं नव्हतं. उद्धट स्वभावापासून सुरुवात केली. हिरड्यापाशी फादर हसले. विटकरी झाकेपाशी त्यांनी मान डोलावली. मनुकांपाशी मी जरा थांबलो, परिणामासाठी. 'काढण्यास योग्य' म्हणून डायरी मिटली तेव्हा नवऱ्यामुलाने टाळ्या वाजवल्या.

कार्मेलने गोणपाट सोडलं. मी बूच काढलं. बस्त्यावने पेला भरून घेतला, उजेडाकडे धरला, रोजीकडे बघितलं, डोळे मिटले आणि घोट घेतला.

मिटलेले डोळे उघडेनात.

मी वाट बघतोय. सगळे वाट बघतायत. त्याने घोट गिळला. आणखी एक घेतला, छोटा. मग डोळे उघडून अगदी हळू, खराखुरा हळू, मला विचारलं, "वसंता, तुज्या घरात कोण आजारी होतं काय रं?"

"नाही बुवा. का?"

"हे औषद हाय."

"काहीतरीच काय? घरात कुणी आजारी नाही. उलट पाच वर्षांत आईची तब्येत तर…"

तेवढं बोललो आणि मागे वळून बघितलं.

कोपऱ्यातून आई उठली होती. पदर खोचून ती बुधल्यापाशी आली, चष्मा नीट केला, चिठ्ठी बघितली.

"अगोबाई, हे इथे आहे होय? वसंता, माझं औषध इथे कशाला आणलंस? काल रात्रीपासून शोधतेय. दोन वेळा चुकल्या माझ्या."

"आई," मी म्हणालो, "तू हे घेत होतीस?"

"मग? तूच आणलंस, तूच लिहून ठेवलंस. जेवणानंतर दोन चमचे, दोन वेळा. एक दिवस खाडा नाही केला."

"पण रेघ? पातळी तर रेघेवरच आहे."

"असणारच. खाली गेलेली तुला चालणार नव्हती. जेवढं घेतलं तेवढं भरत होते. द्राक्षासव म्हणजे द्राक्षाचंच ना? काळ्या मनुका उकळायच्या, गाळायच्या, गार करून ओतायच्या. इंदू करून द्यायची."

मी इंदूकडे वळलो. "तू? मनुका? कुठल्या मनुका?"

"अहो, दर शनिवारी पावशेर मनुका कोण आणत होतं?"

"मी आणत होतो. त्या नैवेद्याच्या ना?"

"एवढ्या मनुका खाणारा देव कुठला?" इंदू म्हणाली. "आईंच्या औषधाच्या. लिहून ठेवत होतात की तुम्ही."

माझ्या हातातून रोजीने डायरी घेतली. शांतपणे पान उलटलं. नवरी आहे, गजरा आहे, जाळीचा पदर आहे, आणि ती वाचतेय. डाव्या पानावर, माझ्या अक्षरात, 'काळ्या मनुका पावशेर आणल्या.' त्याच्या समोर, उजव्या पानावर, माझ्याच अक्षरात, 'मनुका! परिपक्वतेची निःसंशय खूण.'

फादरनी रुमाल काढून तोंडावर धरला. त्यांना ठसका लागला असावा असं मी अजूनही धरून चालतो.

पण मी बघत होतो बस्त्यावकडे. तो हसत नव्हता. पेला हातात धरून तो पलंगाच्या कडेवर बसला. एवढा मोठा माणूस, नव्या सुटात, एकदम लहान दिसायला लागला. पाच वर्षं त्याने थेंबाला शिवायचं नाही म्हणून वाट बघितली होती, आणि ज्याच्यावर भरवसा ठेवला त्याने त्याला काय पाजलं, तर मनुकांचं पाणी. तिथे मी कुठलंही ज्ञान सांगू शकत नव्हतो. नुसतं "बस्त्याव" म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. त्याने आईकडे बघितलं.

"आई," तो म्हणाला, "कशी होती?"

"काय कशी होती?"

"तुमचं औषद. चवीला."

आईने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. बाई विचार करायला लागली की पदराचं टोक बोटाला गुंडाळते, तसं गुंडाळलं.

"खरं सांगू? पहिल्यांदा फार जहाल हो. तोंड असं आवळायची की मला वाटलं, वैद्य वैरी आहे. पण गिळल्यावर मागे काहीतरी राहायचं. जांभळाच्या झाडाखालून गेल्यासारखं. दोन-तीन महिने गेले आणि ती नरमली. मग पुढचं वर्षभर, काय सांगू तुला, चमचा तोंडात घेतला की लगेच गिळवत नसे. ऊब यायची इथे. मी देवाला सांगायचे, बाबा रे, ज्याने केलं त्याच्या हाताला यश दे."

"आनी मंग?"

"मग फिकी होत गेली. दोन वर्षांनी मला वाटलं, औषधाचा जोर गेला. वसंताला म्हटलं नाही, त्याला वाईट वाटलं असतं. शेवटी शेवटी तर नुसत्या माझ्याच मनुका लागायच्या. तरी घेत राहिले. चिठ्ठीवर बंद कधी करायचं ते लिहिलं नव्हतं."

बस्त्यावचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "जांबळाच्या झाडाखालून," तो कार्मेलला म्हणाला. "आईकलंस? मी बोल्लेलो तुला. बोल्लेलो का नाय?" मग मोठ्यांदा, आपल्या मूळ आवाजात, बाहेर मांडवात ऐकू जाईल असा, "वाया नाय गेली! सगळी एका जानत्या मानसानं प्याली!"

आणि मग तो हसला. तो हसल्यावर बाकी सगळ्यांना हसायची परवानगी मिळाली, आणि त्यांनी तिचा पुरेपूर उपयोग केला.

आईला अजून पत्ता नव्हता. फादरना विचारू लागली, "काय झालं? मी काही चुकीचं बोलले का?" मी तिच्या कानात खरं काय ते सांगायला वाकलो. तिने हात वर केला.

"थांब. मला सांगू नकोस. मी चिठ्ठी वाचून घेतलं आहे. त्यात काही वावगं असलं तर ते लिहिणाऱ्याच्या माथी."

ती माझी आई. मी रेकॉर्ड कारकून कसा झालो ते तुमच्या लक्षात आलं असेल.

शब्दाप्रमाणे पहिला घोट त्याच बुधल्यातला झाला होता, फादर म्हणाले, माउलीला तेवढं पुरतं. सर्वांनी ते मनुकांचं पाणी पेल्यात घेऊन नवरा-नवरीचं शुभ चिंतिलं. आईनेही घेतलं, पण चमच्याने, मोजून दोन. ग्लासभर घेणाऱ्या फादरकडे ती काळजीने बघत होती.

घरी येऊन मी शांतपणे गणित मांडलं. वीस बाटल्या, दिवसाला चार चमचे, तितकंच पाणी परत. माझ्या शेवटच्या चमच्यात बस्त्यावची वाइन दहावा हिस्साही नव्हती. म्हणजे ज्या दिवशी मी 'काढण्यास योग्य' लिहिलं, त्या दिवशी मी इंदूच्या मनुकांची परिपक्वता ठरवली होती. एक गोष्ट मात्र मी मान्य करवून घेतलीच. जांभळाचा वास आणि दहा वर्षं टिकेल हे मी पहिल्या चमच्यात ओळखलं होतं, आणि ते चूक होतं असं अजून कुणी सिद्ध करू शकलेलं नाही. टिकू दिली कुणी?

गेल्या महिन्यात बस्त्याव पुन्हा आला. बरोबर नवा बुधला, नवी द्राक्षं, तीच रीत, साल आणि बी महिनाभर आत. मी पडवीत बसलो होतो. डायरी बाजूला ठेवून, पुस्तक हाताशी घेऊन, चमचा आणायला इंदूला हाक मारणार इतक्यात तो माझ्यासमोरून सरळ आत गेला.

"आई, ही तुमच्याकडं ठेवतो. मदी मदी सांगत जावा, कशी हाय."

"दोन चमचे?" आईने विचारलं.

"दोन चमचे. पन मनुका नको."

"मग रेघेचं काय?"

"रेघ नायच मारायची."

"बरं," आई म्हणाली. "पण चिठ्ठी लाव हो. चिठ्ठीशिवाय मी काही घेत नाही."

बस्त्याव बाहेर आला. माझ्या हातातलं पुस्तक त्याने काढून घेतलं, मिटून बाकावर ठेवलं, आणि दौत माझ्यापुढे सरकवली.

"वसंता, तू चाखू नको," तो म्हणाला. "तू नुस्ती चिठ्ठी लिव. अक्षर तुजं चांगलं हाय."